पट्ट्याला माया नसते

प्रिय ताई,

आज १४ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली आहेत. पत्र सुरू करण्याआधी मी बाबांच्या राखाडी कोटाची कॉलर उसवत होतो. मानेपाशी बाहेरची बाजू झिजून पांढरी पडली आहे, आतली मात्र कोरी आहे. उलटवून लावली की अजून चार-पाच हिवाळे सहज निघतील. बाह्या मला दीड इंच लांब होतात, त्या आत दुमडेन, कापणार नाही. अर्धी कॉलर उसवून झाली आणि हात थांबला, तो थांबलाच. म्हणून कात्री बाजूला ठेवून कागद घेतला. कागद गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा आहे. मागचे आकडे अंधुक दिसतात, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तू पाठवलेला अर्ज ५ तारखेला, मंगळवारी मिळाला. जिथे पेन्सिलने फुली मारली आहेस तिथे मी सही करायची, हे समजलं. वर तुझी सही आहेच. दोघांच्या सह्या असल्या की कंत्राटदाराच्या कचेरीतून पूर्ण भरपाई मिळेल आणि ती मिळाली की तू तिकडच्या त्या आजींच्या सेवेची नोकरी सोडून कायमची घरी येशील, असं लिहिलं आहेस. सहा वर्षांनी. ते वाक्य तू दोनदा लिहिलं आहेस, बहुधा विसरून. नऊ दिवस झाले, मी सही केलेली नाही. का, ते सांगायचं तर आधी बाकीचं सांगायला हवं. क्रम चुकला की माझा जीव कसा खालीवर होतो ते तुला माहीत आहे.

घरी सगळं ठीक आहे. तू गेल्यापासून मी काही हलवलेलं नाही. खुर्चीचा चौथा पाय अजून रंगाच्या डब्यांचाच आहे. किटलीच्या झाकणावर बाबांनी बसवलेलं बाटलीचं बूच अजून टिकून आहे. खालच्या मजल्यावरच्या काकू परवा वाटी घेऊन आल्या आणि त्या बुचाकडे बघत उभ्या राहिल्या. एरवी त्या बोलल्याशिवाय राहिल्या नसत्या. आठवतं ना, त्या बाबांना म्हणायच्या, तुमच्याकडे उंदीर आला तरी आधीच्या उंदराचंच बीळ वापरत असेल. आणि बाबा म्हणायचे, मग काय काकू, नवीन खणायची मजुरी तुम्ही देणार का? या वेळी काकूंनी झाकण नुसतं नीट बसवलं. मी वाटी धुऊन परत दिली.

मला रडू आलेलं नाही, हे तुला सांगायला हवं. काकूंना वाटतं मी आतल्या आत कुढतो आहे. तसं काही नाही. सकाळी उठतो, दुकानात जातो, आठ तास रफू करतो, परत येतो. हात बिलकूल थरथरत नाहीत. उस्ताद म्हणाले, आठ दिवस घरी बस. मी म्हटलं, बसून काय करू? काम उलट पूर्वीपेक्षा चांगलं होतं आहे.

बाबांचं नव्या वस्तूंशी कधी जमलं नाही. नवं घेऊन करायचं काय, दोन वर्षांनी तेही जुनंच होणार, हे आधीच जुनं आहे, तेवढी दोन वर्षं वाचली, असं म्हणायचे. तू पहिल्या पगारातून त्यांना बूट आणलेस तेव्हा त्यांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं होतं, आधीच्या बुटांना काय झालं, आजारी आहेत का? तू चिडून जेवली नव्हतीस. तुला या घराचा हा स्वभाव कधीच आवडला नाही. मला आवडायचा. नुसता आवडायचा असंही नाही, नवी वस्तू घ्यायची म्हटलं की मी दुकानाच्या दारातच रेंगाळतो. दुकानदार भाव सांगतो आणि मला वाटतं, हा माणूस माझी परीक्षा बघतो आहे आणि मी नापास होणार आहे. सातवीतून शाळा सोडली तेव्हाही नव्या वह्या घ्याव्या लागणार नाहीत याचं मला थोडं बरं वाटलं होतं. हे मी तुला कधी बोललो नव्हतो. तू तुझं शुद्धलेखनाचं पुस्तक मला दिलंस आणि म्हणालीस, शाळा सुटली तरी ऱ्हस्व-दीर्घ सोडू नकोस. ते मी सोडलेले नाहीत.

उस्तादांकडे लागलो त्या दिवसाची गोष्ट तुला सांगितली होती का, आठवत नाही. त्यांनी माझ्यासमोर एक पँट उलटी केली आणि विचारलं, हे शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडलं आहे, त्याला काय म्हणतात? मी म्हटलं, माया. ते म्हणाले, बरोबर, आणि आपला सगळा धंदा त्या मायेवर चालतो. रफूला बाहेरचं सूत चालत नाही. कितीही मिळतंजुळतं आणा, दोन धुण्यांत रंग वेगळा पडतो. म्हणून त्याच कपड्याच्या मायेतून एकेक धागा ओढून काढायचा आणि त्यानेच भोक विणून काढायचं. ज्याचं त्यालाच. मायाच नसेल तर गिऱ्हाइकाला हात जोडायचे आणि कपडा परत द्यायचा. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, तीही त्याच दिवशी. रफू बघणाऱ्यासाठी असतो. ओढ घेणाऱ्या जागी, काखेत, गुडघ्यावर, रफू करायचा नाही, तिथे ठिगळ. ठिगळ दिसतं, पण धरतं. हे मला पहिल्या दिवसापासून पाठ आहे. मला माहीत नव्हतं असं मी कुणालाही सांगू शकत नाही.

आता पट्ट्याचं.

उंच इमारतींच्या भिंती रंगवणाऱ्यांना स्वतःचा पट्टा आणावा लागतो, हे तुला ठाऊकच आहे. कंबरेला तो बांधायचा, त्याची कडी वरून सोडलेल्या दोरात अडकवायची आणि मग पाळण्याच्या फळीवर उतरायचं. दर सोमवारी मुकादम सगळ्यांचे पट्टे चाचपून बघतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याने बाबांना सांगितलं, कडीपाशी पट्टा झिजला आहे, दोन आठवड्यांत नवा आणा, नाहीतर खाली बसून रंगाचे डबे घोटा. बाबांनी घरी येऊन त्याची नक्कल केली, मिशा वगैरे ओढून. मी ते तुला कळवलं. तू लगेच अठराशे पाठवलेस आणि मला लिहिलंस, त्यांना सांगू नकोस, कळलं तर परत पाठवायला लावतील, तूच दुकानात जाऊन घेऊन ये.

तुझे पैसे ९ सप्टेंबरला मिळाले. ताई, हे वाक्य कृपा करून पुन्हा वाच. सोमवार, ९ सप्टेंबर. वेळेवर मिळाले.

१२ तारखेला, गुरुवारी, मी दुकानात गेलोही होतो. हार्डवेअरवाल्याने पट्टा काढून फळीवर टाकला. साडेसोळाशे. पैसे माझ्या खिशात होते. मी पट्टा उजेडात धरला आणि शिलाई बघितली. मशीनची शिलाई, पण कडेला टाके वाकडे गेले होते. एका ठिकाणी धाग्याचं टोक तसंच लोंबत होतं, कापलेलंसुद्धा नव्हतं. मी त्याला ते दाखवलं. तो म्हणाला, अहो, माणूस लटकवायचा आहे की प्रदर्शनात मांडायचा आहे? दुकानातले सगळे हसले. मी पट्टा खाली ठेवला आणि निघून आलो. वाटेत मी स्वतःशी म्हणत होतो की एवढ्या गबाळ्या कामाला साडेसोळाशे कशाला, याहून स्वच्छ मी करून देतो. मी शिलाई बघितली, ताई. तो पट्टा किती वजन धरतो हे त्याच्या बिल्ल्यावर छापलेलं होतं, ते मी वाचलंच नाही. मी, जो भिंतीवर चिकटवलेल्या जाहिरातींचे ऱ्हस्व-दीर्घ तपासत जातो.

रविवारी बाबा दुपारपर्यंत झोपायचे, तेव्हा उजाडताच मी पट्टा खिडकीपाशी घेतला. पट्ट्याला माया नसते. तो कडेपर्यंत विणलेला असतो, आत दुमडलेलं असं काहीच नसतं. पण बकलच्या पुढे वीतभर टोक जास्तीचं होतं. मी ठरवलं की हीच याची माया. त्या टोकातून धागे ओढले, चौऱ्याऐंशी. साडेपाच तास लागले. जुन्याच्या मळकेपणासकट रंग जुळला. बाबा उठले, त्यांनी पट्टा उलटा-सुलटा केला, चष्मा लावून पाहिला, मग चष्मा काढून पाहिला. त्यांना जागा सापडेना. त्यांनी मला कधी शाबासकी दिल्याचं तुला आठवतं का? मला नाही. त्या दिवशी त्यांनी पट्टा कंबरेला बांधून खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, आता मुकादमाचा बाप आला तरी शोधू शकणार नाही. मी तुझ्या पैशांबद्दल बोललो नाही.

मी काळजी घेतली नाही असं नाही. ते बाहेर गेल्यावर मी पट्टा खिडकीच्या गजाला बांधला, स्वतःच्या कंबरेला लावला आणि पाय वर उचलून लोंबकळलो. दहा मिनिटं, घड्याळ लावून. टाका हललासुद्धा नाही. माझं वजन एकावन्न किलो आहे. बाबांचं चौऱ्याहत्तर होतं. आणि मी अलगद पाय उचलले होते, हिसका दिला नव्हता. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. आता रोज येतं.

सोमवारी मुकादमाने पट्टा चाचपला आणि विचारलं, काय रंगारी, नवा घेतला वाटतं? बाबा म्हणाले, नवाच म्हणा. घरी येऊन त्यांनी हे मला तीनदा सांगितलं, हसत. मलाही हसू आलं. खरं सांगायचं तर त्या रात्री मला फार चांगली झोप लागली.

त्यानंतर अकराव्या दिवशी, शुक्रवारी, २७ सप्टेंबरला, पाळण्याचा एक दोर सरकून फळी कलली. बाकीचे दोघे आपापल्या पट्ट्यांना लोंबकळले, त्यांना खरचटलंसुद्धा नाही. पुढचं तुला माहीत आहे.

तू आलीस तेव्हा चार दिवस आपण एकाच खोलीत होतो. पहिल्याच दिवशी तू विचारलंस, पट्टा नवा होता का? मी म्हटलं, जुना, नवा घ्यायचा राहून गेला. तू भिंतीकडे तोंड केलंस आणि म्हणालीस, मीच पैसे महिनाभर आधी पाठवायला हवे होते. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. मी तुझ्या पिशवीचा निघालेला बंद शिवत बसलो. नंतर तू ठरवलंस की दोष मुकादमाचा, झिजलेला पट्टा दिसत असून त्याने बाबांना वर सोडलंच कसं. कचेरीनेही तेच ठरवलं आणि ४ ऑक्टोबरला त्याला कामावरून काढलं. मला बरं वाटलं, असं लिहिलं तर खोटं होईल. वाईट वाटलं, असं लिहिलं तरी खोटंच. काहीच वाटलं नाही.

तुझा अर्ज उघडला तेव्हा मला आधी चूक दिसली. तू ‘निश्काळजीपणा’ लिहिलं आहेस. ‘मुकादमाच्या निश्काळजीपणामुळे.’ त्यात पोटफोड्या ष हवा, ते तूच मला शिकवलं होतंस. घाईत झालं असेल. मी पेन्सिलने दुरुस्त करायला गेलो आणि तेव्हा तो शब्द पहिल्यांदा नीट वाचला. निष्काळजीपणा. तो तर कुणीच केला नव्हता. मुकादमाने बोट फिरवून-फिरवून पाहिलं होतं. आणि मी तर आयुष्यात इतक्या काळजीने दुसरं कुठलंच काम केलेलं नाही. एक टाका उंच-नीच नव्हता. तेवढी काळजी घेतली नसती, थोडं गबाळं झालं असतं, तर सोमवारी त्याच्या बोटाला लागलं असतं आणि बाबा आज खाली बसून डबे घोटत असते, दिवसभर शिव्या देत.

तरीही मी गप्प बसलो असतो. मला स्वतःची तेवढी ओळख आहे. पण गेल्या शुक्रवारी मुकादम दुकानात आला. आपल्याला लहानपणी रंगाऱ्याची पिल्लं म्हणायचा तोच. सहा आठवड्यांत मिशा खाली आल्या आहेत. शिवायला काही आणलं नव्हतं, नुसता गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला आणि उस्तादांपुढे हात पसरून म्हणाला, या बोटांनी तपासला होता हो, बावीस वर्षं पट्टे चाचपतोय, मग हाताला लागलं कसं नाही? म्हणून डोळेवाल्याकडे गेलो. तो म्हणतो, नजर उत्तम आहे, चष्म्याची गरज नाही. मी म्हटलं, दे बाबा एखादा, गरज असणारच. मग त्याने खिशातून चारशे चाळीसचा नवा चष्मा काढून दाखवला. घातला की चक्कर येते म्हणाला, पण सवय करतोय. मग माझ्याकडे वळला. पोरा, तू घरी तो पट्टा पाहिला होतास का रे, काही दिसलं होतं का तुला? मी म्हटलं, मी कधी पाहणार, मी दिवसभर दुकानात असतो. तो म्हणाला, खरं आहे, खरं आहे. आणि मला थोपटून गेला. उस्तादांनी माझ्या हातातलं काम काढून घेतलं आणि म्हणाले, आज तू सुई धरू नकोस.

काल, बुधवारी, मी अर्धी रजा काढून कंत्राटदाराच्या कचेरीत गेलो. कारकुनाने आधी ऐकलंच नाही. मग विचारलं, तुला मुकादमाने पैसे दिले का? मी म्हटलं, पट्टा दाखवा. त्यांनी कपाटातून काढला, पिशवीत होता, चिठ्ठी लावलेली. तुटलेल्या जागीसुद्धा त्यांना रफू ओळखता येईना, मला सुईच्या टोकाने दाखवावा लागला. माझ्या चौऱ्याऐंशी धाग्यांपैकी एकही तुटलेला नव्हता, ताई. सगळे सबंधच्या सबंध सरकून बाहेर आले होते. त्यांना धरायला आत काही नव्हतंच. मी सगळं सांगितलं, कारकुनाने लिहून घेतलं, मी वाचून तीन दुरुस्त्या केल्या आणि सही केली. तो म्हणाला, आता पूर्ण भरपाई विसरा, घरच्यांनीच वस्तूत फेरफार केला असा शेरा पडणार. मुकादमाला सोमवारपासून परत घेतील. मधल्या दिवसांचा पगार मिळेल का विचारलं, तर म्हणाला, तो कोण देणार?

कचेरीचं पत्र तुला साधारण आठ दिवसांत मिळेल. त्यात हे सगळं चार ओळींत असेल, माझं नाव असेल आणि खाली शिक्का असेल. ते उघडण्याआधी तुझ्या हातात माझं पत्र असावं, म्हणून हे लिहिलं. भरपाईच्या भरवशावर तू तिकडे आजींच्या मुलाला अजून काही सांगितलं नसशील तर सांगू नकोस, काम सोडू नकोस. तुझं घरी येणं मी थांबवलं आहे, हे मला समजतं. त्याआधी काय केलं तेही समजतं, फक्त ते अजून आत पोचत नाही, बाहेर कुठेतरी उभं आहे. पोचेल तेव्हा मी काय करेन ते माहीत नाही, पण मुकादमाच्या घरी आज जाणार आहे, कचेरीच्या आधी त्यालाही माझ्याकडूनच कळायला हवं. तू पैसे वेळेवर पाठवले होतेस. उत्तर लिहायचं की नाही ते तू ठरव. लिहिलंस तर माझी समजूत घालू नकोस, एवढंच.

तुझाच,
धाकटा

हिशेब:
तू पट्ट्यासाठी पाठवलेले: १८००
पट्ट्यावर खर्च: ०
जाड कापडाची वाकडी सुई, एक, नवी: १२ (माझ्या पैशांतून)
तुला परत: १८००, आजच पाठवतो आहे
मुकादमाला देणे: सहा आठवड्यांचा पगार, आकडा आज विचारेन, शिवाय चष्म्याचे ४४०
भरपाई: धरू नये